अक्काचं बोरॉन

आमच्या प्रयोगशाळेत काहीही बिघडलं की त्याचं खापर चेन्नईच्या दमट हवेवर फुटायचं. हवेनेही भागलं नाही की आमचे मार्गदर्शक सर माणसाच्या हातावर यायचे. कुणाच्या हाताला गुण आहे आणि कुणाच्या नाही, हे ते सर्वांदेखत सांगत. शास्त्र शिकवणाऱ्याच्या तोंडी हे मुळीच शोभत नव्हतं, पण आम्ही सगळे ते मुकाट्याने मानायचो. मी सोलापूरहून पीएचडीला आले आणि लगेच माझ्या हाताला गुण असल्याचं जाहीर झालं. अक्काच्या नव्हता.

अक्का माझ्याहून मोठी, तिथेच पीएचडी करणारी, तंजावरकडच्या मराठी घरातली. ‘मज’, ‘तुज’ असलं जुनं मराठी तमिळ हेल काढून बोलायची. परक्या गावात मला तिचाच आधार होता.

तिच्या प्रबंधाची शेवटची पायरी अडली होती. अणूंच्या दोन कड्या जोडायच्या होत्या. एकीवर बोरॉन, दुसरीवर ब्रोमीन. पॅलॅडियम दोघींची गाठ घालून देतं आणि काम झालं की बोरॉन बाजूला होतं. अशा जोडण्या मी डोळे मिटून करायची. फक्त अक्काच्या कडीत बोरॉनच्या अगदी शेजारी नायट्रोजन होता. सर म्हणाले, दमटपणा. अक्काने सगळं सुकवलं, काच भट्टीत तापवली, पुन्हा पुन्हा मांडणी केली. दर वेळी चंबू उघडला की जोडलेल्या कडीऐवजी पिरिडीनचा सडक्या मासळीसारखा वास. त्या वासाने माझं डोकं उठायचं. ती मात्र नाकाला पदर लावून चंबू घासायला घ्यायची.

तिची फेलोशिप संपत आली होती. घरी आप्पा, म्हणजे तिचे वडील, आजारी. मुलगी डॉक्टरेट होणार म्हणून त्यांनी चेन्नईतल्या एग्मोरपासून तंजावरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलेलं. मी एकदा करून बघते, असं मी सरांना म्हटलं. महाग माल दोघींनी वाया घालवायचा नाही, असं उत्तर मिळालं.

अक्का पदवीशिवायच गेली. चेन्नईतच, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात संगणकावर परदेशी दवाखान्यांचे कागद तपासू लागली. पुढे आप्पा गेले.

काही वर्षांनी बाहेरच्या देशातला एक लेख हाती आला. नायट्रोजनशेजारचं बोरॉन, जोडणीला लागणाऱ्या अल्कलीत तापवलं की, जोडीदार येण्याआधीच गळून पडतं. मागे उरते ती नुसती पिरिडीनची कडी; आम्हाला येत होता तो वास तिचाच. आता बोरॉनवर दुसऱ्या रेणूचं झाकण घालून ते हळूहळू मोकळं करतात, म्हणजे ते टिकतं. हवेचा काही संबंध नव्हता, हाताचा तर नव्हताच. मला इतका संताप आला की लेख हातात असतानाच मी अक्काला फोन लावला.

“अक्का, तुझा हात वाईट नव्हता गं. त्या पद्धतीने कुणालाच जमलं नसतं. मलाही नाही.”

मला वाटलं, ती रडेल. पण आवाज कोरडा होता.

“आप्पा सरांकडे येऊन भांडणार होते,” ती म्हणाली. “मीच अडविलें. सरांचे कांहीं चुकलें नाहीं, माझ्याच हातास गुण नाहीं, म्हणून सांगितलें. तेंच खरें मानून गेले ते. आतां हें कोणास सांगूं गे?”