पावडरच्या डब्यातल्या गोळ्या

"रोज कुठल्या गोळ्या घेते का?" डॉक्टर हिंदीत विचारत होते, रेवती तापाने फणफणलेली, ओठ पांढरे, आणि सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, पोट जरा नाजूक आहे." माझ्या कडेवर माझी पोर. मला माहीत होतं. मी गप्प बसले...

रेवती माझी नणंद. लग्न होऊन इकडे बंगालात, बेहालाला आले तेव्हा बंगाली तिनेच शिकवली मला, मासळीवाल्याशी भांडण्यापुरती. म्हणायची, "वहिनी, तू दहावी नापास, पण भांडणात पदवी घेशील." एकदा कपाट आवरताना पावडरच्या डब्यात गोळ्या सापडल्या. आतड्याला सूज होती तिच्या, किती वर्षं. "लग्न ठरेपर्यंत बोलू नकोस. पोरीची शपथ घे." घेतली मी.

मग चैत्रातलं हळदीकुंकू आलं, तिला बघायला मुलाची आई येणार. कैरीची डाळ मीच वाटली, कच्चीच असते ती, आणि त्या उकाड्यात दुपारभर फ्रिजबाहेरच राहिली. मुलाची आई रेवतीला म्हणाली, "तू नाही घेत?" सासूबाईंनी डोळे वटारले. रेवतीने वाटी संपवली, वर म्हणाली, "वहिनी, अजून वाढ." कच्चं तिला चालत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या पोरीनेही तीच डाळ खाल्ली. तिला एक दिवस जुलाब झाले, थांबले.

रेवतीला ताप भरला, तो उतरेना. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गोळ्यांचं सांगितलं. ते चिडले. म्हणाले, आतड्याचं अस्तर एवढंसं पातळ असतं, त्याच्यामागे रक्तातल्या पेशी पहाऱ्याला बसतात, जंतू घुसला की धरतात. रेवतीचे पहारेकरी घरातच मारामारी करायचे, म्हणून गोळ्यांनी त्यांना झोपवलेलं. तुझ्या पोरीचे जागे होते. "पहिल्याच दिवशी सांगायचं ना." तोवर जंतू रक्तात गेले होते. पाचव्या दिवशी रेवती गेली.

सासूबाई लोकांना सांगतात, ऊन बाधलं. राग येतो मला त्यांचा. रेवतीचाही येतो, मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात तरी येतो. शपथ घालायला माझीच पोर सापडली तिला?

डबा अजून कपाटात आहे, उघडला की तिचा वास येतो. पोरीला तो खुळखुळा म्हणून हवा असतो. मी देत नाही. आत्ता पुढ्यातच नाचतेय, धडधाकट... तुमच्या पोरीची शपथ असती, तर पहिल्या दिवशी तुम्ही बोलला असता का?