माय लिहिलेली चादर

इटलीतल्या त्या क्लबचं नाव मी घेत नाही. घेतलं की तोंड सुटतं, आणि मग मी जे बोलतो ते छापण्यासारखं नसतं. आमचा क्लब, एवढं पुरे. हळदीच्या रंगाचा शर्ट, आणि एके काळी दरारा असा की समोरचे संघ बरोबरी झाली तरी खुशीत घरी जायचे. तो क्लब एका माणसानं खाल्ला. अक्षरशः खाल्ला, हाडंसुद्धा शिल्लक ठेवली नाहीत.

कोल्हापूरच्या माणसाचा इटलीशी काय संबंध, हे अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावच्या गणपतीत भेटलेल्या प्रत्येक काकूनं मला विचारलंय. संबंध असा. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे पेठ. ज्या पेठेत जन्मलात तिच्या तालमीचा संघ तुमचा, जिंकला तरी आणि घाण हरला तरी. त्यात तुम्हाला कुणी विचारत नाही. मी शाळेत असताना रविवारी केबलवर इटलीतल्या मॅच लागायच्या. शेजारच्या घरातला माझा मित्र आणि मी, आम्ही दोघांनी हळदी शर्ट पाहिला आणि ठरवलं, ही आपली इटलीतली पेठ. एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

तिथले प्रेक्षक एक भलंमोठं कापड नाचवायचे. त्यावर तीनच अक्षरं, एम, ए, आय. आम्ही वाचलं, माय. आम्हाला वाटलं, काय लोक आहेत राव, आईचं नाव घेऊन मैदानात उतरतात. मित्रानं घरातली डबल बेडची चादर पळवली, आम्ही पिवळ्या रंगात ती तीन अक्षरं काढली आणि पेठेच्या मॅचला नेली. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाले, "कुणाची माई गेली रे पोरांनो?" मित्राला त्या चादरीपायी आईचा मार बसला, पण चादर त्यानं दिली नाही.

पुढे आम्ही दोघंही एम. एस. करायला स्टेट कॉलेजला आलो, एकाच अपार्टमेंटमध्ये राहिलो. साल दोन हजार एक. त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा ती चादरच जास्त जागा खाऊन बसली होती. आम्ही ती हॉलमध्ये भिंतीवर लावली.

कॅम्पसच्या बसस्टॉपजवळ एका इटालियन माणसाचं पिझ्झाचं दुकान होतं. माणूस आमच्या क्लबच्या गावचाच निघाला. वयानं मोठा, म्हणून आम्ही त्याला काका म्हणायला लागलो, आणि त्यानंही ते नाव लावून घेतलं. छतावर त्याची डिश होती, तिच्यावर इटलीचं चॅनेल यायचं. तिथली दुपारची मॅच आमच्याकडे रविवारी सकाळी लागायची. दुकान उघडायच्या आधी काका आम्हाला मागच्या दारानं आत घ्यायचे. ते पीठ मळायचे, आम्ही बघायचो. हिवाळ्यात डिशवर बर्फ साचला की चित्र जायचं. मग मित्र झाडू घेऊन शिडीवरून वर चढायचा. काका त्याला बर्फवाला म्हणायचे. पिझ्झ्यावर आम्ही घरचा कांदा-लसूण मसाला भुरभुरायचो. काकांनी तो एकदा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा मागितला.

त्यांनीच सांगितलं, इटालियनमध्ये माय म्हणजे कधीच नाही. त्या कापडाचा अर्थ, आम्ही खाली जाणार नाही, कधीच नाही. आम्ही आमच्या मायचा अर्थ सांगितला. काका पिठाचे हात तसेच कपाळाला लावून हसले आणि नंतर येईल त्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकवत बसले. चादर दुकानात लावू या, असं ते म्हणाले, तर मित्र सरळ नाही म्हणाला. "घरची चादर आहे काका, ती घरीच राहणार." मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

आणि त्याच वर्षी सगळं कोसळलं. क्लबच्या नव्या मालकानं आधी सेंटर फॉरवर्ड विकला. मग गोलकीपर विकला. मग ज्याच्यासारखे केस आम्ही शाळेत राखले होते आणि त्यापायी मास्तरांचा मार खाल्ला होता, तोसुद्धा विकला. हा माणूस मूळचा फर्निचर विकणारा, त्यामुळे त्याला खुर्ची आणि खेळाडू यांत फरक दिसत नसावा. टीव्हीवर यायचा गळ्यात हळदी मफलर घालून, छातीवर हात ठेवून, आणि काय बोलायचा, तर क्लब माझ्या काळजात आहे. मुडदा बशिवला त्याचा. काळजात होता तर बाजारात कशाला मांडलास? काका भाषांतर करता करता थांबायचे, कारण पुढचं त्यांना इंग्रजीत येत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला ते मराठीत कळायचं.

वसंतात क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. उन्हाळ्यात बातमी आली की क्लब दिवाळखोर झाला, दुसऱ्या श्रेणीतही जागा नाही. गावकऱ्यांनी नवा क्लब काढला, त्याला जुनं नाव वापरायची परवानगी मिळाली नाही, आणि तो थेट चौथ्या श्रेणीत टाकला, गल्लीतल्या संघांशी खेळायला. मालकाला काय झालं? काही नाही. असल्या लोकांना कधीच काही होत नाही, हा माझा अनुभव आहे आणि तो इटलीपुरता नाही.

पण ज्यानं माझं डोकं फिरवलं तो मालक नव्हे. पुढचा सीझन सुरू व्हायच्या सुमारास मित्र घरी आला तो अंगात इंग्लंडमधल्या एका श्रीमंत क्लबचा कोरा शर्ट घालून. घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"यार, प्रॅक्टिकल हो जरा. टेक्निकली तो क्लब एक्झिस्टच करत नाही. कंपनी डिझॉल्व्ह झाली, नाव गेलं, प्लेअर्स गेले. सपोर्ट कशाला करायचा, रंगाला?"

"आपली तालीम खालच्या गटात गेली तेव्हा तुझा बाप काय दुसऱ्या पेठेत राहायला गेला?"

"बापावर जाऊ नकोस."

"मी बापावर नाही, तुझ्यावर येतोय. तुझ्या बापानं त्या वर्षी एक मॅच चुकवली नाही. पावसात भिजत शिव्या घालत उभा होता. मी बघितलाय."

त्यानं फ्रिज उघडून दूध काढलं आणि प्यायला लागला, जणू विषय संपला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण वासा असा आपल्याच स्वयंपाकघरात उभा राहून दूध पिताना पाहिला नव्हता.

चौथ्या श्रेणीच्या मॅच टीव्हीवर कोण दाखवणार? काकांची बहीण तिथं मैदानाला लागून राहायची. काका कॉलिंग कार्ड घेऊन तिला फोन लावायचे, ती बाल्कनीतून फोन बाहेर धरायची, आणि आम्ही पिठाच्या टेबलावर स्पीकर चालू करून नुसता गोंगाट ऐकायचो. गोल झालेला कळायचा, कुणाचा ते नाही. बहीण सांगायची की मैदान पूर्वीपेक्षा जास्त भरतं, आणि कापड तेच असतं. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि त्याच वेळी रागही यायचा, की हे ऐकायला तो इथं नाही.

काका दर रविवारी विचारायचे, "बर्फवाला कुठाय?" मी सांगायचो, लॅबमध्ये काम आहे. एका माणसाच्या वतीनं दर रविवारी खोटं बोलायचं आणि घरी येऊन त्याच्याच समोर बसून जेवायचं, हे काय सुख नव्हे. मी त्याला म्हटलं, एकदा येऊन जा, मॅचसाठी नको, त्या माणसासाठी ये. तो म्हणाला, "बघतो यार." नाही आला.

डिग्री झाल्यावर त्याला न्यूयॉर्कमध्ये नोकरी लागली. तो जर्सी सिटीत राहायला गेला, मी पीएच. डी.साठी मागे राहिलो. ज्या दिवशी तो निघाला त्या दिवशी मी लॅबमधून आलो तर भिंत रिकामी. खाली गाडीत त्याचा टीव्ही होता, आणि टीव्हीला गुंडाळलेली चादर. वरून चिकटपट्टी, एम या अक्षराच्या बरोबर मधून.

"काचेला ओरखडे पडतात," तो म्हणाला.

काकांना जी चादर दिली नाही ती टीव्हीला दिली. मी सरळ जिना चढून वर आलो. बोललो असतो तर हात उठला असता.

क्लब एकेक पायरी चढत गेला. त्याला काही वर्षं लागली. वाटेत जुनं नावही परत मिळालं, आणि दोन हजार सातच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. काका त्या रविवारी रडले, आणि पीठ मळायचं राहून गेल्यानं दुकान उशिरा उघडलं. मी तिथंच होतो. माझा मोबाईल वाजला. जर्सी सिटीचा नंबर होता.

"आपण आलो वर, भावा," मित्र ओरडत होता. "ऐकलंस का? आपण आलो."

"आपण कोण?"

तो म्हणाला, "चादर आहे अजून माझ्याकडं. धुऊन ठेवलीय. पुढच्या सीझनला दोघं इटलीला जाऊ, काकांनाही घेऊ. येशील ना?"

"माय," मी म्हटलं.

"कुठल्या भाषेतलं?"

"इटालियन."

मी फोन ठेवला. काकांनी डोळे पुसत विचारलं, कोण होतं? त्या दिवशी मी त्यांना लॅबचं कारण सांगितलं नाही. "होता एक आपल्यातला," मी म्हणालो.