मार्थाअक्कांचा दुसरा आवाज

मागच्या महिन्यात हुमनाबादला, आमच्या चर्चमध्ये माझी चांगलीच जिरली…

वर्धापनदिनाला एक जुनी रचना वाजवायची होती. युरोपातल्या कुठल्याशा राजाच्या समारंभासाठी तीनेकशे वर्षांपूर्वी लिहिलेलं, चार आवाजांचं समूहगान. आमच्या जुन्या पाळकांनी त्याला मराठी शब्द बसवले होते आणि दरवर्षी मंडळी ते गायची.

आता गाणारेच उरले नाहीत. पोरं पुण्याला, हैदराबादला गेली… मी शाळेत संगीत शिकवतो म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. लग्नाच्या बँडमधले चौघं पकडले. दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक युफोनियम, आणि सोबत आमचा पायाने भाता मारायचा ऑर्गन, ज्याला मंडळी पेटीच म्हणतात. पंधरा दिवस बसून मांडणी केली आणि स्वतःवर जाम खूश झालो.

एक लबाडी मात्र केली होती. चारातला दुसरा आवाज, म्हणजे मुख्य चालीच्या लगेच खालचा, कुणाला फारसा ऐकू येत नाही. तो सरळ काढून टाकला आणि दोन्ही ट्रम्पेटना मुख्य चालच दिली… दणदणीत वाजावं म्हणून.

पहिल्या तालमीला मार्थाअक्का येऊन बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या. चाळीस वर्षं त्या हाच दुसरा आवाज गायच्या, मग दम्याने गाणं सुटलं. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "समदं हाय. माझा आवाज कुठं हाय रं ह्यात?"

खरंच लाज वाटली. घरी जाऊन दुसऱ्या ट्रम्पेटसाठी त्यांची ओळ सारेगममध्ये लिहून काढली.

पण दुसरा ट्रम्पेट वाजवणारे रियाजभाई अडून बसले. आयुष्यभर लग्नात गाणी वाजवलेला माणूस, चाल शब्दांवरून पाठ करतो. "सर, बोल सांगा की. बोल कळल्याबिगर दम कुठं घ्यायचा?" माझ्या कागदावर श्वासाच्या जागाच नव्हत्या…

बोल अक्कांना पाठ. लग्नसराईत रियाजभाईंना सवड नाही, म्हणून अक्काच रिक्षा करून हायवेवरच्या बँडच्या दुकानात जायला लागल्या. बाहेर लॉऱ्यांचे हॉर्न आणि आत प्लास्टिकच्या खुर्चीवर अक्का. दोन शब्द गायचे, धाप लागली की थांबायचं, तेवढ्यात रियाजभाईंनी ते वाजवायचं. चार दिवसांत ओळ बसली.

शेवटच्या तालमीत गाण्याच्या तिसऱ्या ओळीत एक सूर खटकला. छापील कागद बघितला, तर रियाजभाई तिथे एक सूर खाली जात होते. मी थांबवलं. ते म्हणाले, "अक्कानं असंच शिकवलंय."

अक्कांचा चेहरा उतरला. "म्हंजी चाळीस वर्सं मी चुकीचंच गायले का रं?"

त्या माझ्या शेजारी, ऑर्गनला टेकून उभ्या होत्या. मी पेन्सिल घेतली. म्हणालो, नाही अक्का, मीच लिहिताना चुकलोय. ऑर्गनच्या त्या जागेवरचे स्वर खोडले आणि त्यांच्या सुराला जुळतील असे नवे लिहिले. पुन्हा वाजवून बघितलं तर छान जुळलं. अक्कांनी कागदाकडे बघून मान हलवली. मला वाटलं, पटलं त्यांना.

वर्धापनदिनाला झकास वाजलं. तिसऱ्या ओळीत रियाजभाई बरोबर त्या सुरावर उतरले आणि ऑर्गनने त्यांना सांभाळून घेतलं. मला तर आता छापील सूर फिका वाटतो…

नंतर अक्कांना हात धरून पायऱ्या उतरवत होतो. दोन पायऱ्या उतरल्यावर थांबून त्या हळूच म्हणाल्या, "चूक माझ्या वळीत हुती, आन तू खोडलास पेटीच्या वळीत. दिसलं मला."

त्यांनी दम खाल्ला आणि विचारलं, "पर गोड लागली का न्हाई?"

लागली, अक्का. फार गोड लागली…