बालवाडीच्या छपरावर काय पसरायचे

गुड्रुन मेर्कले छपरांवर हिरवळ लावते आणि पावसाला घाबरते. दक्षिण जर्मनीतल्या रेम्स नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या श्वाबियन गावात या गोष्टीवरून तिची चेष्टा होते. ढग भरून आले की बेकरीतली बाई तिला विचारते, "आज कोणाचं छप्पर पडणार?" गुड्रुन हसत नाही. पाव घेते आणि निघते.

या भीतीला कारण आहे. ती शिकाऊ असताना तिच्या मालकाने एका गॅरेजवर बागेतली काळी, कसदार माती पसरली. जमिनीवर जे चांगले ते छपरावरही चांगले, असा त्याचा हिशेब. पहिल्याच मोठ्या पावसात ती माती पाणी पिऊन बसली आणि छप्पर खाली आले. आत फक्त सायकली होत्या. त्या चपट्या सायकली गुड्रुनने स्वतः ओढून बाहेर काढल्या. तेव्हापासून कोणतीही माती, खडी किंवा भुगा दाखवला की तिचा पहिला प्रश्न एकच असतो: चिंब भिजल्यावर याचे वजन किती?

बालवाडीचे छप्पर जुने होते. लाकडी तुळयांचे, सपाट, फार भार न सोसणारे. गुड्रुनच्या मनात आयफेलच्या डोंगरातला प्युमिस होता. तो ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, इतका हलका की बादलीत टाकला तर तरंगतो. पण त्याच सुमारास गावातली जुनी शाळा पाडली गेली होती. तिच्या लाल कौलांचा ढीग गुड्रुनचा दीर ऑइगन याच्या आवारात पडून होता. ऑइगनचा दगड फोडण्याचा धंदा. कौले भरडून तीच पसरावीत, असे ग्रामसभेत ठरल्यासारखेच झाले. ज्या कौलांखाली सगळे गाव शिकले ती आता नातवंडांच्या डोक्यावर येणार, ही कल्पना लोकांना आवडली. आणि घरचे असताना बाहेरून आणायचे, हे आमच्या काटकसरी श्वाबियन माणसाला पटत नाही.

भरडलेले कौल प्युमिसपेक्षा जड. तरी पाणी झटपट निचरून गेले तर तुळया भार पेलतील, असे हिशेब सांगत होता. सगळे त्या निचऱ्यावर अवलंबून होते. गुड्रुनने ऑइगनच्या ढिगातून मूठभर खडे उचलून काचेच्या बरणीत पाण्यासोबत हलवले आणि बरणी खिडकीत ठेवली. खडे तळाला बसले, वर बारीक गाळाचा जेमतेम थर आला. तिने हो म्हटले. तो गुरुवार होता. सोमवारी ऑइगनच्या माणसांनी माल छपरावर चढवला आणि तिने त्यात सेडमची, म्हणजे खड्यांतही जगणाऱ्या जाड पानांच्या झुडपाची, रोपे लावली.

जून महिन्यात एके दुपारी आभाळ फाटल्यासारखे कोसळले. गुड्रुन गाडी काढून थेट बालवाडीकडे गेली. छपराचे पाणी उतरणाऱ्या पाइपाजवळ उभी राहिली आणि त्याच्या तोंडाखाली हात धरला.

पाइपातून पाणी येत नव्हते. रस्ता वाहत होता, शेजारच्या अग्निशमन ठाण्याची पन्हळ भरून सांडत होती, आणि बालवाडीच्या पाइपातून थेंब गळत होते. एवढे पाणी आकाशातून आले आणि खाली उतरले नाही, याचा अर्थ ते वरच होते.

ती आत धावली. दुपारच्या झोपेची वेळ होती. बालवाडीच्या मुख्य बाई इर्मगार्ट क्नोडेल यांनी तिला ओठांवर बोट ठेवून थांबवले. झोपण्याच्या खोलीचे दार गुड्रुनने ढकलले, ते वरच्या चौकटीला घासले आणि अर्ध्यावर अडले.

तिने कुजबुजत विचारले, हे दार काल असे अडत होते का?

नाही, इर्मगार्टबाई म्हणाल्या. पावसाळी हवेने लाकूड फुगले असेल.

गुड्रुनने चौकटीवर हात ठेवला. फुगलेले लाकूड कडेला अडते. हे दार मधोमध दाबले गेले होते. वरची तुळई खाली येत होती. खोलीत गाद्यांवर मुले झोपली होती. कोणी अंगठा चोखत होते, कोणाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर.

"मुलांना बाहेर काढा," ती म्हणाली.

"या पावसात? मेर्कलेबाई, सगळी अनवाणी आहेत."

"अनवाणीच काढा."

इर्मगार्टबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिले. पावसाला घाबरणारी म्हणून सारे गाव जिला हसते ती बाई आज आपल्या दारात पांढरीफटक होऊन उभी आहे. खरे मानावे की नाही, याचा विचार त्यांनी क्षणभर केला, असे त्यांनी मला नंतर प्रांजळपणे सांगितले. मग त्यांनी जवळचे मूल उचलले.

मुले अग्निशमन ठाण्यात बंबाशेजारी नेऊन बसवली. पेंगुळलेल्या अवस्थेत कोणी रडले, कोणी नाही. ठाणे गावातल्या स्वयंसेवकांचे; ती माणसे आपापल्या कामांवरून येईपर्यंत थांबायला हवे होते, पण पाऊस थांबत नव्हता. गुड्रुनने शिडी लावली. छपरावर पाय ठेवायचा नाही, एवढे तिला ठाऊक होते. एका माणसाचा भारही जास्त ठरू शकला असता. शिडीवरूनच तिने कडेच्या निचऱ्याच्या खाचेत हात घातला. बोटांना खडे लागायला हवे होते. लागला तो चिखल, कुंभाराच्या चाकावरच्यासारखा मऊ, लाल लगदा. माती अडवून पाणी सोडण्यासाठी जे कापड घातलेले असते त्यावर हा लगदा लिंपून बसला होता. वर सगळीकडे घोट्याइतके पाणी साचले होते. खालून, रिकाम्या खोलीतून, लाकूड करकरल्याचा आवाज आला.

तिने खिशातली सुरी उघडली. ते कापड टरकावले. पाणी तिच्या छातीवर आदळले आणि पाइप भरून खाली सुटले, लालभडक. ठाण्याच्या दारातून पाहणारी एक मुलगी म्हणाली, "आमच्या छपरातून चहा येतोय." बालवाडीत रोज फळांचा लाल चहा मिळतो.

छप्पर पडले नाही. दोन तुळया वाकल्या, त्या बदलाव्या लागल्या.

पाऊस ओसरल्यावर गुड्रुनने छपरावरचा माल बरणीत घालून हलवला. अर्धी बरणी गाळाने भरली. ती बरणी घेऊन ऑइगनच्या आवारात गेली. मी तिथेच होतो, बातमीसाठी.

"हा माझा माल नाही," ऑइगन म्हणाला. "तू स्वतः तपासलास ना गुरुवारी?"

"गुरुवारी तपासला. सोमवारी चढवला. मधे काय केलंस?"

"काही नाही. शनिवारी पोरांनी अंगण झाडलं."

शनिवारी आमच्याकडे न झाडलेले अंगण दिसले तर शेजारी प्रकृतीची चौकशी करायला येतात. ऑइगनचे आवार तर रस्त्याला लागून.

"झाडलेलं कुठे टाकलं?"

"कुठे म्हणजे? ढिगात. कौलांचीच भुकटी ती, गुड्रुन. चांगला माल फेकून कसा द्यायचा?"

यंत्राखाली साठलेली सगळी बारीक धूळ, फावड्याने उचलून, मुलांच्या डोक्यावर गेली होती. ऑइगनने बरणी हातात घेतली, उजेडात धरली, आणि तिथल्या खडीवर मट्कन खाली बसला. त्याची धाकटी नात त्याच खोलीत झोपत असे.

ग्रामसभेत त्याने सांगितले की उरलेली कौले तो पुन्हा चाळून, धुऊन देईल. बहुतेकांना ते मान्य होते. चूक कळली, आता होणार नाही. गुड्रुन उठली आणि म्हणाली, प्युमिस.

"धुतलेल्या कौलांत काय वाईट आहे?" कोणीतरी विचारले.

"काही नाही. पण ती धुणारी आपण माणसं आहोत. त्या छपरावर चूक झाली तरी निभेल असा माल पाहिजे. हिशेबात माझं बरोबर होतं, तरी मुलं वाचली ती दार अडलं म्हणून."

मागून कोणीतरी म्हणाले की ती घाबरली आहे. घाबरलेच आहे, ती म्हणाली, आणि बसली.

प्युमिस आला. छप्पर पुन्हा लावून झाले. इर्मगार्टबाईंनी मुले परत आणण्यापूर्वी एक अट घातली: पहिल्या मोठ्या पावसात, झोपेच्या वेळी, मेर्कलेबाईंनी त्या खोलीत मुलांसोबत बसायचे. गुड्रुन हो म्हणाली.

त्या दिवशी ती आली तेव्हा ओली छत्री तिने दाराबाहेर ठेवली. इर्मगार्टबाईंनी तिला एक गादी दाखवली. ती आडवी झाली, गुडघे पोटाशी घेऊन, कारण गादी आखूड होती. बाहेर मुसळधार पडत होते. ती छताकडे एकटक पाहत होती आणि तिचे दात वाजत होते. ऑइगनची नात शेजारीच होती. तिने डोळे न उघडता गुड्रुनच्या तोंडावर हात ठेवला आणि सांगितले की इथे आवाज करायचा नसतो.