चाचांचे पंधरा दिवस

लासुर्ण्याच्या स्टँडवर पंक्चर काढणारे चाचा ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधत बसायचे, पण नजर समोरच्या घरांच्या वळचणीला असायची. गांधीलमाशी कुणाच्या दारावर पोळं बांधतेय, हे त्या घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. गावानं त्यांना 'गांधीलचाचा' केलं आणि खरं नाव विसरून टाकलं. आम्हाला त्यांचा उपयोग तेवढा ठाऊक होता.

फाल्गुनात ते दारोदार सांगत फिरायचे, "एकटीच राणी आलीया. बोटाच्या पेराएवढं पोळं हाय. आत्ताच केरसुणी लावा, जाईल दुसरीकडं." आम्ही हसायचो. पावसाळाभर राणीच्या लेकी वाढायच्या, पोळं बशीएवढं व्हायचं आणि दिवाळीची साफसफाई निघाली की साऱ्या आळीला एकदम चाचा आठवायचे. "पंधरा दिस थांबा की," ते कळवळून म्हणायचे. "थंडी पडली की आपसूक रिकामं हुतंय." थांबत कोणीच नसे. मग ते उजाडताना, माश्या गारठलेल्या असताना यायचे. पोळ्यावर अलगद पिशवी चढवायची, ब्लेडनं देठ कापायचा आणि लांब उसाच्या बांधावर नेऊन सोडायचं. चहा मात्र त्यांना ओट्यावरच मिळायचा. आमच्याकडंही.

दोन वर्षांपूर्वी एक माशी मानेला डसली आणि त्यांचा गळा सुजून श्वास कोंडला. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं, आता एक डंखही जिवावर बेतेल. चाचीनं पिशवी आणि ब्लेड लपवून ठेवलं. "आता आमी रिटायर," असं चाचा स्वतःच सगळ्यांना सांगत होते. मलाही सांगितलं होतं.

तरी गेल्या दिवाळीत मी भर दुपारी त्यांना बोलवायला गेलो. आमच्या दारावर पोळं होतं आणि रंगारी शिडी लावून खोळंबला होता. "चाचा, तुमच्याशिवाय कोण काढणार?" मी म्हणालो. त्या वाक्याची मला आजही किळस येते.

"सकाळच्याला येतो की."

"रंगारी उद्या यायचा न्हाय, चाचा."

नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. "बरं, चल," म्हणत त्यांनी हात पुसले आणि दुकानातलीच एक पिशवी उचलली.

उन्हात माश्या चांगल्याच जाग्या होत्या. पिशवी चढायच्या आतच दोघी-तिघी त्यांना डसल्या. बारामतीच्या वाटेवर, माझ्याच गाडीत चाचा गेले. रंगारी दुसऱ्या दिवशी वेळेवर आला. येणार नाही असं तो म्हणालाच नव्हता, ते मी म्हणालो होतो.

दिवाळी सरून थंडी पडल्यावर धीर करून त्यांच्या घरी गेलो. चाचीनं मला आत बसवून चहा दिला. त्यांच्या दारावरही एक भलं मोठं पोळं होतं. चाचांनी स्वतःच्या घरचं पोळं कधी काढलं नव्हतं. आता त्यात एकही माशी नव्हती.

मी उठलो तशी चाची केरसुणी घेऊन दारापर्यंत आली. एका फटक्यात ते वाळकं पोळं माझ्या पायापाशी पडलं.

"पंधरा दिस," ती म्हणाली. "तेवढंच मागत हुते ते समद्यांकडं."