डाबे की दाब

कॉलेजच्या फुटबॉल संघाची बचावफळी कुठे फाटते, हे शोधायचं काम माझ्यासारख्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाकडे यावं, हे आश्चर्यच. प्रशिक्षकांनी मला गच्चीवरून मोबाइलवर सामने टिपायला सांगितलं, कारण रविवारी मला दुसरा उद्योग नसतो हे सगळ्यांना ठाऊक. बायको गेल्यापासून सुरतेतल्या कतारगामच्या खोलीत माझ्याशी बोलतो तो फक्त कुकर.

गच्चीवरून बघताना चेंडूकडे बघायचंच नाही. मागच्या चौघांकडे बघायचं, एक सरकला की बाकीचे तिघे सरकतात का. उजवीकडून हल्ला आला की आमचे छान सरकायचे. डावीकडून आला की मात्र मधला एक जण ओळ सोडून सरळ पुढे धावायचा आणि त्याच्या मागे बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडायचं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं मीही आधी म्हटलं.

पण तो धुळ्याकडून त्याच वर्षी आलेला. सगळ्या कॉलेजात माझ्याशी अहिराणी बोलणारा तो एकटाच. सराव संपला की गच्चीखाली थांबून विचारायचा, "आप्पा, जेवन झायं का?" दिवसभरात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, अजून एकदा ओळ मोडली तर त्याला काढणार. संघातून गेला असता तर वसतिगृहातली जागाही गेली असती, आणि तो परत गावी. त्याच्यासाठी म्हणून मी ते व्हिडिओ पुन्हापुन्हा बघत बसलो, असं सांगायला बरं वाटतं. खरं तर मी माझ्यासाठी बसलो होतो.

वाऱ्याची घरघर नको म्हणून व्हिडिओ बघताना मी नेहमी आवाज बंद ठेवायचो. एका रविवारी चुकून चालू राहिला. कर्णधार ओरडत होता, "डाबे! डाबे!" म्हणजे गुजरातीत डावीकडे. आणि दर वेळी त्या हाकेवरच आमचा गडी पुढे सुटत होता. मला एकदम माझीच गोष्ट आठवली. सुरतेत नवा होतो, कापडगिरणीत कामाला, तेव्हा मास्तर "डाबे" म्हणाला आणि मी समोरचं बटण दाबलं. सगळं खातं हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "आप्पा, माले तं दाब आयकू येस." गावाकडे त्याचे उस्ताद चेंडूवाल्याच्या अंगावर जायला 'दाब' म्हणूनच ओरडायचे. डाबे म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, पण धावताना कान गावचेच राहायचे. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, आपली बोली काही दिवस बाजूला ठेव, मुलांमध्ये बस, त्यांच्याशी गुजरातीतच बोल.

पुढच्या सामन्यात डावीकडून चार हल्ले आले. चारही वेळा तो ओळीत राहिला. मी गच्चीवर एकटाच टाळ्या वाजवल्या, त्या नादात मोबाइल हलला आणि प्रशिक्षकांची बोलणी खाल्ली.

मग तो गच्चीखाली थांबेनासा झाला. परवा सराव संपल्यावर बचावफळीतले चौघे मिळून निघाले होते. शेवटी मीच वरून विचारलं, "जेवन झायं का रे?"

त्याने हसून हात केला. "हा अंकल, जमी लीधुं."

फाटकाशी तिघे डावीकडे वळले, तसा तोही वळला.