अकरा खांदेपालटांची वाट

ताम्हिणीच्या घाटाकडच्या त्या पाच वाड्यांत आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे डोली. वाशाला घोंगडी बांधायची, चौघांनी उचलायची, चौघांनी बाजूनं चालायचं. खांदा भरून आला की पुढचा म्हणतो, "पालट." तो एक खांदेपालट. दर पालटाला एकजण मोठ्यानं आकडा बोलतो, कारण कुणाच्या खांद्यावर किती भार आला हे पुढच्या डोलीच्या वेळी ध्यानात ठेवावं लागतं. शहाण्यांना यात मोजमाप दिसत नाही. तुळजाबाईला दिसलं.

तुळजाबाई उंबरवाडीची. शाळा चौथीपर्यंत, पण किराण्याचा पुडा सोडला तरी आधी कागद वाचणार, मग साखर डब्यात ओतणार. नवरा जनार्दन पिरंगुटला कंपनीत, शनिवारच्या एसटीनं घरी येणारा. बाई तोंडानं फटकळ. तिच्या दारावरून जाताना माणसं आवाज बारीक करायची, आणि अडचण आली की त्याच दाराशी यायची.

दोन हजार सात साली उन्हाळ्याच्या तोंडाला पंचायतीत कागद आला. वाड्यावस्त्यांसाठी एक औषधखोली मिळणार होती. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा औषधसाठा तिथं ठेवायचा, आठवड्यातून तीन दिवस नर्सबाई बसायची. जागा मात्र गावानं ठरवायची आणि का ठरवली ते लिहून द्यायचं. सरपंच हैबतराव, म्हणजे जनार्दनचा चुलतभाऊ, स्वतः चढण चढून तिच्या अंगणात आला.

"वैनी, वाड्या फिरून माहिती काढायची हाय. आमच्या बापयांच्यानं व्हायचं न्हाई. तुमी समितीत या."

"आन् समितीच्या चहाला दूध कुणी आणायचं, तेबी ठरलंय का?"

हैबतराव हसला. "त्या खोलीत पयलं औषध तुमच्या जिभंसाठी ठेवाय लागंल."

तुळजाबाई हसली नाही, पण आतून फुलली. खोटं कशाला बोला? वीस वर्षं त्या घरात तिला भाकरीखेरीज कुणी काही मागितलं नव्हतं. आज सरपंच डोकं मागायला आला होता.

दोन महिने ती हिंडली. कुठल्या घरात कोण आजारी पडलं, कुठल्या महिन्यात, कशानं, आणि रस्त्यावर पोचेपर्यंत किती पालट झाले, एवढंच विचारायची. किलोमीटर कुणाला सांगता आले नसते. पालट मात्र प्रत्येकाला पाठ. ज्याच्या खांद्याला घट्टा पडलाय त्याला आकडा विसरता येत नाही.

सगळ्यात वर धनगरवाडा. तिथला कारभारी गेणबा. त्यानं तिला ताक दिलं. मग म्हणाला, "अकरा. मागल्या श्रावणात आमच्या सुनंला, रेश्माला नेली तवा वढ्याला पाणी आलेलं. थांबाय लागलं. सातव्या पालटाला ती डोलीतच बाळंत झाली. प्वार रडलंच न्हाई." त्यानं रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. "लिव. सातावर रेघ मार."

तुळजाबाईनं एक ते अकरा आकडे लिहिले आणि सातावर रेघ मारली.

घरी येऊन तिनं अंगणात पाच वाड्यांचे पाच दगड मांडले आणि जागा शोधली. उंबरवाडीच्या वरची खिंड. तिथून कुठलीच वाडी पाच पालटांपलीकडं जात नव्हती आणि मध्ये ओढा आडवा येत नव्हता. गंमत अशी की तिच्या स्वतःच्या घराला खिंडीपेक्षा खालचा डांबरी रस्ता जवळ पडायचा. तिनं तरी खिंडच लिहिली. जनार्दन म्हणाला, "स्वतःच्या सोयीचं बघावं की जरा." ती म्हणाली, "बघितलं. मला रात्री झोप लागंल, ही माझी सोय."

कच्चा कागद तिनं हैबतरावाच्या हातात दिला. तो वाचून हैबतराव म्हणाला, "झ्याक. पक्का ठराव ग्रामसेवक रजिस्टरात लिवतील. तुमी आधी अंगठं घेऊन या. लावणी लागली की माणूस घावायचा न्हाई."

त्यानं हातात दिलेलं रजिस्टराचं सुटं पान कोरं होतं. पण त्या गावात ठराव असाच व्हायचा. आधी अंगठे, मजकूर सवडीनं. पाण्याच्या टाकीचा तसाच झाला, समाजमंदिराचा तसाच झाला. पुडा वाचल्याशिवाय न टाकणाऱ्या बाईनं कोरं पान खताच्या पिशवीत गुंडाळलं आणि वाड्या चढली. हैबतराव घरचा होता ना. घरच्या माणसाला कोण म्हणतं, आधी लिहून दाखव?

धनगरवाड्यात गेणबानं पान उलटंपालटं करून बघितलं.

"ह्याच्यात काय लिवलंय?"

"अजून लिवायचंय. खिंडीतच व्हणार हाय खोली. माझ्यावर इस्वास न्हाई का, मामा?"

गेणबानं शाईच्या डबीत अंगठा बुडवला. त्याच्यामागं सगळ्या वाडीनं बुडवला. रेश्मानंही.

दसऱ्यानंतर विटांचा ट्रक आला. खिंडीत ट्रक जाऊच शकत नाही, म्हणून तुळजाबाई बघायला उतरली. विटा डांबरी रस्त्याला लागून, हैबतरावाच्या जमिनीच्या पट्टीत पडत होत्या. शेजारी नवा गाळा उठला होता आणि त्यावर ताजा रंग, 'मेडिकल'. हैबतरावाचा पोरगा ऋषिकेश औषधाचा डिप्लोमा करून त्याच वर्षी परतला होता. फुकटच्या खोलीतलं औषध संपलं की माणूस दोन पावलं चालून कुठं जाणार, हे कळायला चौथीपण लागत नाही.

तशीच ती पंचायतीत गेली. रजिस्टर उघडायला लावलं. पान तेच होतं. खाली शाईचे अंगठे, वर सुरेख अक्षर. सर्व वाड्यांच्या ग्रामस्थांच्या एकमुखी मागणीनुसार औषधखोली रस्त्यालगत बांधण्यात यावी. धनगरवाड्यापासून अंतर दोन किलोमीटर. कुणी तरी नकाशावर पट्टी ठेवली होती. पट्टीला ओढा लागत नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: सूचक, तुळजाबाई जनार्दन.

ती ओळ तिनं तीनदा वाचली.

हैबतराव पंचायतीच्या ओट्यावर पान खात बसला होता. तिला बघून सरकून जागा केली. ती बसली नाही.

"भावजी, ह्यो ठराव माझा न्हाई."

"अवं, खिंडीत गाडी जाती का? नर्सबाई चिखलातनं येणार हाय का? साहेब लोकास्नी रस्ता लागतो, वैनी. खोली हातची गेली असती. आता झाली न्हवं? गावातच झाली."

"मंग हे मला तवाच का न्हाई सांगितलं?"

हैबतरावानं चुना बोटावर घेतला. चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. "सांगितलं असतं, तर अंगठं आणायला वर कोण गेलं असतं?"

तुळजाबाईला शिव्यांची कधी उणीव पडली नव्हती. त्या दिवशी पडली. तो लबाड निघाला याचं तिला तितकं लागलं नाही. लबाड माणसं तिनं ढिगानं बघितली होती. लागलं ते हे, की त्यानं तिचं डोकं मागितलंच नव्हतं. वाड्यांचा तिच्यावरचा विश्वास तेवढा हवा होता, आणि तो तिनं स्वतःच्या पायांनी चालत जाऊन त्याला आणून दिला होता.

आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी अर्ज लिहायला बसली. ठराव खोटा आहे, जागा खिंडीतच मागितली होती, कुठून किती पालट पडतात, ओढ्याला कधी पाणी येतं, सगळं लिहिलं. हा अर्ज तिनं एकेका वाडीच्या अंगणात उभं राहून दोनदा वाचला. आधी वाचला, मग शाई पुढं केली.

कुणी उठलं नाही. एकजण म्हणाला, "बाई, एक अंगठा तुमच्या दिराला दिला. दुसरा कुणाला द्यायचा, ते तरी सांगा." बाकीचे हसले. ते हसणं तिनं गिळलं. दुसरं काय करणार? बोलणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

धनगरवाड्यात गेणबानं सगळं मन लावून ऐकलं. ओढ्याचा भाग आला तेव्हा मान हलवली. वाचून झाल्यावर म्हणाला, "बराबर लिवलंय. एक शबुद खोटा न्हाई."

"मंग अंगठा द्या, मामा."

"तवा मी कागदाला अंगठा दिला न्हवता, पोरी. तुला दिला हुता." त्यानं हात घोंगडीखाली घेतला. "आता कागद खरा हाय, पन..." दारात उभ्या रेश्मानं सासऱ्याकडं बघितलं, मग तुळजाबाईकडं, आणि आत गेली. या खेपेला ताक आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तुळजाबाई पौडला तालुक्याच्या कचेरीत गेली. साहेबानं अर्ज वरून खाली वाचला, खालून वर बघितला.

"बाई, पाच वाड्यांचा अर्ज म्हणता आणि सही एकच? बाकीच्यांचे अंगठे कुठं आहेत?"

"पंचायतीच्या रजिस्टरात हायेत, साहेब," तुळजाबाई म्हणाली. "मीच नेऊन दिलेत."

साहेबानं अर्ज खाली ठेवला. तिनं पदर सावरला आणि समोरची खुर्ची ओढून बसली. परतीच्या एसटीला अजून चार तास होते.